पाखरांचा सातबारा

पुण्यातला पक्षी बघणारा माणूस थंडीत ठरलेल्या वाटांनी जातो. रोहित बघायचे तर भिगवण, बदकं बघायची तर कवडी, झाडीतली पाखरं हवी असतील तर सिंहगडाचा पायथा. सातारा रस्त्याला लागलेल्या बऱ्याचशा गाड्यांना महाबळेश्वर गाठायचं असतं. चेलाडी फाट्याला उजवीकडे वळून नसरापूर, मार्गासनी, विंझर करत वेल्ह्याकडे जातात ते बहुतेक गडवेडे. राजगड, तोरणा, आणि उमेद असेल तर एका दमात दोन्ही. त्यांच्या पाठीवर सॅक असते, गळ्यात दुर्बीण फार क्वचित.

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैऋत्य टोकाचे तालुके. वेल्हे तालुक्याचं नाव सरकारने २०२४ मध्ये ‘राजगड’ केलं, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हंच आहे, म्हणून मीही तेच लिहितो. इथे सफारीची जिप्सी नाही, ‘अमुक पक्षी हमखास दिसेल’ असं सांगणारे दलाल नाहीत. पाखरं मात्र भरपूर आहेत, आणि ती शोधताना माणूस पाखरांपाशी थांबू शकत नाही. एका ओढ्यात दहा मिनिटांत वीस जातींचे पक्षी दिसतात, शेजारच्या तशाच ओढ्यात दोन बुलबुल सोडले तर काही नाही. माती तीच, पाऊस तोच. फरक असतो तो त्या जमिनीचा मालक कोण होता, तिथली झाडं कुणी विकली आणि कुणाच्या धाकाने राखली याचा. इथे पक्षी बघायचे तर एका हातात दुर्बीण आणि दुसऱ्या हातात सातबारा लागतो.

आधी थंडीचं. दव गोठलं म्हटलं की आपल्याला महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाची बातमी आठवते. लिंगमळ्याच्या बाजूला गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर हिमकण दिसल्याचे फोटो थंडीच्या लाटेत छापून येतात. त्याच दिवशी हवामान खात्याचा पारा शून्याच्या वर असतो आणि वाचक बातमीदाराला हसतात. खरं तर दोघंही बरोबर असतात. खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरवर, झडपांच्या लाकडी पेटीत बसवलेला असतो. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री गवताचं पातं आपली ऊब थेट आकाशाकडे टाकत राहतं, त्यामुळे वरच्या हवेपेक्षा ते कितीतरी गार होतं. पुणे शहराचा नीचांक १.७ अंशांचा आहे, १७ जानेवारी १९३५ चा. त्या पहाटे उघड्या माळावरच्या गवताचं काय झालं असेल याचा अंदाज यावरून करावा.

भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत हाच खेळ मोठ्या पटावर चालतो. रात्री उतारावरची हवा गार होऊन जड होते, ओघळत खाली येते आणि कानंदी, गुंजवणी, वेळवंडी या नद्यांच्या काठी साठून राहते. वारा नसेल तर पहाटे राजगडाच्या पद्मावती माचीवर झोपलेल्या माणसापेक्षा पायथ्याच्या पडवीत झोपलेला माणूस जास्त कुडकुडतो. बर्फ बघायला इकडे कुणी येत नाही. इथे असतं ते दहिवर, आणि ते इतकं की सकाळी कारवीच्या रानातून शंभर पावलं चाललं की विजार मांडीपर्यंत चिंब होते.

या थंडीचा पक्षी बघण्याशी थेट संबंध आहे. पहाटे साडेपाचला उठून अंधारात दबा धरायचा हा पक्षीनिरीक्षकांचा जुना नेम. तो उन्हाळ्यात ठीक आहे. जानेवारीत, पूर्वेला डोंगर असलेल्या खोलगट गावात, तो निव्वळ देहदंड ठरतो. वेल्ह्याहून भट्टी, पासली करत केळदला पोचलं की गाव संपतं तिथून थोड्या अंतरावर सह्याद्रीची धार येते, तो मढे घाट. पावसाळ्यात लक्ष्मी धबधब्यापाशी इथे चालायला जागा नसते. जानेवारीच्या आडवारी आम्ही पोचलो तेव्हा गावाच्या कडेला एक शेकोटी आणि तिच्याभोवती कांबळी पांघरलेली तीन माणसं होती. त्यातल्या वडीलधाऱ्याने गळ्यातल्या दुर्बिणीकडे पाहून विचारलं, “पाव्हणं, एवढ्या हिवाचं कुठं निघाला?” पाखरं बघायला, असं सांगितल्यावर त्यांना हसू आलं नाही, हे विशेष. “बसा मग. ऊन झाडाच्या शेंड्याला लागल्याबिगर पाखरू हालत न्हाय. उगा कशापायी भिजताय?”

त्या बाबांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. दहा-वीस ग्रॅम वजनाचा पक्षी रात्रभर आदल्या दिवशीची चरबी जाळून जिवंत राहतो आणि सकाळी त्याला ताबडतोब खायला लागतं. पण त्याचं खाणं म्हणजे किडे, आणि किडा गारठ्यात पानाखाली आखडून बसलेला. म्हणून सगळा व्यवहार उन्हाच्या पहिल्या पट्ट्याची वाट बघतो. तोवर आवाज येतात ते मोजके. करवंदीच्या जाळीतून रानकोंबड्याची तुटक बांग, दरीतून पांढऱ्या गालाच्या तांबटाचं न संपणारं ‘कुटर्र कुटर्र’. गरुडांना तर त्याहून उशीर. दरीतली हवा तापून वर चढायला लागल्याशिवाय पंख पसरून उपयोग नाही हे सर्पगरुडाला पक्कं ठाऊक असतं. नऊ-साडेनऊपर्यंत तो वठलेल्या झाडावर छाती उन्हाला लावून बसून असतो. तोवर त्याला निवांत पाहून घ्यावं. एकदा घिरट्या घेत वर गेला की उरतो फक्त त्याचा आवाज.

ऊन ऐन-जांभळाच्या शेंड्यांवर आलं आणि पाचेक मिनिटांत ओढा हलायला लागला. हिवाळ्यातल्या सह्याद्रीच्या रानाची खरी मौज म्हणजे मिश्र थवे. विणीच्या काळात जोडी-जोडीने हद्द राखणारे पक्षी थंडीत भांडणं मिटवून एकत्र फिरतात. शेंड्यावर निखारांची जोडपी, त्याखाली सुभग आणि पर्णपक्षी, खोडावर उलटी चालणारी शिलींध्री, तिच्या पाठोपाठ एखादा सुतार, मधल्या फांद्यांवर शेपटीचा पंखा उघडत मिटत नाचण, आणि सगळ्यात खाली कारवीच्या वाळलेल्या काड्यांत खुडबुड करणारे सातभाईंचे चुलते. एकत्र फिरण्याचा फायदा उघड आहे: डोळे जास्त म्हणून शिकरा लवकर दिसतो, पानं जास्त हलतात म्हणून किडे जास्त उडतात. या मंडळींच्या सोबत बहुतेक वेळा एक पल्लवपुच्छ कोतवाल असतो. तो पहारा देतो आणि पहाऱ्याचा मोबदलाही वसूल करतो: निखाराने उडवलेला किडा मधल्यामध्ये उचलतो. दुसऱ्या पक्ष्यांच्या धोक्याच्या हाका तर तो इतक्या बेमालूम काढतो की शिकरा आला समजून आपणही वर बघतो. थवा आला तसा दहा मिनिटांत निघून जातो, आणि मग तासभर ओढा रिकामा. नवख्या माणसाला वाटतं, इथे पक्षीच नाहीत. थवा गेला त्या दिशेला चालायचं किंवा मुकाट बसून दुसऱ्या थव्याची वाट बघायची, तिसरा उपाय नाही.

या गर्दीत पाहुणे बरेच असतात, आणि त्यांची ओळख पटायला थोडा सराव लागतो. पानांआड ‘चिस्वी’ असं बारीक टोचणारं बोलत राहणारा हिरवट वटवट्या दहा ग्रॅमचाही नसतो, पण त्याचा जन्म हिमालयातला किंवा थेट मध्य आशियापलीकडचा. तो इथे वर्षातले बरेच महिने काढतो आणि झाडांचा एक तुकडा आपला म्हणून राखतो. ते सततचं बोलणं म्हणजे हद्दीची दवंडी. ओढ्याच्या खडकावर शेपूट खालीवर करणारा करडा धोबी पाऊस ओसरायच्या आत येऊन दाखल होतो. रानाच्या सावलीत पालापाचोळ्यावरून चालणारा रानधोबी शेपूट आडवी हलवतो, एवढ्या एका खुणेवर तो ओळखता येतो. हिमालयातून आलेला निळ्या टोपीचा शैलकस्तूर रानात मुक्काम करतो, तर त्याचा भाऊबंद निळा शैलकस्तूर गडांच्या तटांवर. राजगड-तोरण्याला हिवाळ्यात जाणाऱ्या हजारोंनी तो पाहिलेला असतो, बुरुजाच्या दगडावर एकटाच बसलेला, आणि बहुतेकांनी त्याला साळुंकी समजून सोडून दिलेला असतो.

०००

या मुलखातल्या पक्ष्यांची पहिली छापील नोंद करणारा माणूस पक्षीतज्ज्ञ म्हणून इकडे आलाच नव्हता. विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. पेशवाई बुडाल्यावर नव्या मुलखात आहे तरी काय याचा हिशेब मांडण्यासाठी मुंबई सरकारने त्याला १८२४ मध्ये सांख्यिकी प्रतिवेदक नेमलं. त्याने दख्खनच्या जमीनधारणेच्या पद्धतींवर लिहिलं, दख्खनच्या हवामानावर लिहिलं, माणसं आणि पिकं मोजली. आणि त्याच फिरतीत जमवलेल्या पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे ठेवली. पुढे हाच माणूस कंपनीचा अध्यक्ष झाला. जमीन, हवा आणि पाखरं यांचं दप्तर एकाच माणसाने लिहावं हा योग या मुलखाच्या वाट्याला पुन्हा आला नाही. महसूल एका खात्यात, हवामान दुसऱ्या, वनं तिसऱ्या, आणि पाखरं हौशी लोकांकडे.

साइक्सच्या त्या यादीत विज्ञानाला तोवर माहीत नसलेले पक्षी होते. त्यांतले काही आजही मढे घाटाच्या धारेवर एका सकाळीत भेटू शकतात. वाकड्या पिवळ्या चोचीचा, पांढऱ्या भुवईचा, कारवीत लपून ‘हू-पू-पू’ असा घुमणारा सातभाई हा त्याने वर्णन केलेला. त्याला त्याने हॉर्सफील्ड या निसर्गतज्ज्ञाचं नाव दिलं. व्हिगर्स या प्राणिशास्त्रज्ञाचं नाव दिलेला शिंजीर तर खास आपला: पाठ गडद लाल, गळा किरमिजी, त्यावर पिवळ्या रेघा, आणि जगात त्याचा संसार मुख्यतः सह्याद्रीच्या या उत्तर भागातच. हिवाळ्यात बांडगुळं फुलली की तो हमखास तिथे असतो. बांडगूळ झाडाला खातं म्हणून ते तोडून टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. तिसरा पक्षी नीलगिरी रानपारवा. नाव नीलगिरीचं पडलं, पण साइक्सने त्याला मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनचं नाव दिलं होतं. महाबळेश्वरच्या दाट रानात तो अजून आहे. तिथून रायरेश्वर-केंजळगडाकडे यायला त्याला काही मिनिटं पुरावीत, पण मध्ये त्याला लागतं तसं फळझाडांचं सलग रान हवं, आणि ते तुटलेलं आहे.

ते कसं तुटलं हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. आजचे भोर आणि वेल्हे हे दोन्ही तालुके मुख्यतः पंतसचिवांच्या भोर संस्थानात होते. संस्थानाचे तालुके गडांच्या नावाचे: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, शिवाय पवनमावळ आणि सुधागड. म्हणजे राजगड नावाचा तालुका २०२४ च्या कितीतरी आधी इथे होऊन गेला. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतली संस्थानं विलीन झाली, त्यात भोरही. डोंगरउतारांचा मोठा भाग शेतकऱ्यांच्या मालकीचा राहिला. वरई-नाचणीसाठी आलटून पालटून पेरायचे, मधली वर्षं पडीक ठेवायचे असे ते वरकस उतार. त्या पडीक वर्षांत रान पुन्हा उठायचं. जळण आणि गुरं यांच्यापलीकडे झाडाला गिऱ्हाईक नव्हतं, कारण झाड बाहेर न्यायला रस्ता नव्हता.

रस्ता धरणांनी आणला. भाटघरचं लॉईड धरण ब्रिटिशांच्या काळातलं, वेळवंडीवरचं. मग आंबीवरचं पानशेत, मोसेवरचं वरसगाव, नीरेवरचं देवघर आणि धानेपचं गुंजवणी. दोन लहान तालुक्यांत ही पाच मोठी धरणं. भाटघरच्या पाण्यावर नीरेचे कालवे चालतात आणि बारामती, इंदापूर, फलटणचा ऊस पिकतो. पानशेत-वरसगाववर पुणे आंघोळ करतं. पानशेत फुटलं ते १२ जुलै १९६१ रोजी, आणि त्याची आठवण पुण्याला अजून आहे. पण धरण बांधताना खोऱ्यातली भातखाचरं बुडाली, माणसं वरच्या उतारांवर सरकली किंवा परागंदा झाली, आणि धरणासाठी केलेल्या रस्त्याने कोळशाचे व्यापारी आत आले, हे पुण्याच्या स्मरणात फारसं नाही. हातातोंडाची गाठ पडेना तेव्हा शेतकऱ्याने मालकीच्या उतारावरची झाडं कवडीमोलाने विकली. डोंगरात भट्ट्या लागल्या आणि ट्रकने कोळसा शहरात गेला. माधव गाडगीळ तरुणपणी याच भागात हिंडत होते. डोंगर, धरणं आणि जंगलं यांच्या या साखळीवर त्यांनी १९७९ मध्ये शोधनिबंध लिहिला. उघडेबोडके झालेले उतार धरणात माती लोटतात, म्हणजे धरणाने आपलंच आयुष्य कापून घेतलं, इतकं ते साधं गणित होतं.

त्या काळात कुऱ्हाड एका ठिकाणी थांबली. गाडगीळ आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळत होते. त्यांचा गाजलेला निबंध १९७६ चा. मालकीचे उतार बोडके होत असताना काळूबाई, वाघजाई, शिरकाई, भैरोबा, म्हसोबा यांच्या भोवतालचे एक-दोन एकरांचे तुकडे उभे होते. कडक राईत वाळलेली काटकीही घरी न्यायची नाही. विकायला काढली तर देव कोपतो ही भीती कोळशाच्या व्यापाऱ्याच्या पैशापेक्षा मोठी ठरली. श्रद्धेचं कौतुक करण्यासाठी मी हे सांगत नाही. मला दिसतो तो त्यामागचा व्यवहार. गावाच्या झऱ्याच्या उगमावर गावाने एक तुकडा कुणा एकाचा होऊ दिला नाही. सात-बाऱ्यावर त्याचा मालक कुणीही दिसो, गावाच्या लेखी तो देव होता.

पाखरांच्या दृष्टीने राईची किंमत झाडांच्या वयात आहे. तीस वर्षांच्या झाडाला ढोली नसते. ढोलीसाठी झाड म्हातारं व्हावं लागतं, फांदी मोडून तिथे कुज धरावी लागते. राखी धनेशाची मादी उन्हाळ्यात अशा ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला बारीक फटीतून उंबर-वडाची फळं भरवतो. घुबडं, पिंगळे, पोपट, साळुंक्या, सगळ्यांचं घराणं त्या भोकावर. म्हणून मैलभर पसरलेल्या तरुण झुडपी रानात जे दिसत नाही ते पारजांभूळ, अंजनी, भेरली माड आणि गारंबीच्या वेलांनी कोंदलेल्या एकरभर राईत दिसतं. हिवाळ्याच्या सकाळी याचा पडताळा कुणालाही घेता येईल. उघड्या उतारावर बुलबुल, गप्पीदास, तारेवरचा कोतवाल. राईच्या सावलीत पाऊल टाकलं की जमिनीवर पाचोळा उलथणारा कस्तूर, निळा माशीमार, काळ्या पट्टीचा नीलमणी. मध्ये अंतर एका बांधाचं.

आता राईला नवा धोका देवाच्याच बाजूने आहे. गाव मुंबई-पुण्याला गेलं, वर्गणी जमली, जीर्णोद्धार निघाला. पत्र्याच्या जागी स्लॅब, समोर सभामंडप, गाड्या लावायला फरशी, आणि हे सगळं उभं करायला राईतली दोन-चार मोठी झाडं. देव मोठा होत जातो तशी राई लहान होत जाते. नव्या कळसावर कर्णा बसतो आणि धनेश ढोली सोडतो.

उलटा प्रवासही होतो, हे पानशेतकडेच पाहायला मिळालं. इकॉलॉजिकल सोसायटीचे संस्थापक प्रकाश गोळे हे पक्ष्यांचे जुने अभ्यासक. पानशेतच्या पाणलोटातला एक उजाड तुकडा त्यांनी प्रयोगासाठी घेतला. चराई आणि तोड थांबवायची, आग लागू द्यायची नाही, बाकी बरंचसं निसर्गावर सोपवायचं. खोडांचे बुंधे जमिनीत जिवंत असतात, बुलबुल आणि तांबट बिया आणून टाकतात. रोपवनाच्या जाहिरातींपुढे या पद्धतीला तोरा नाही; फीत कापायला काही नसतं. रान मात्र उठतं.

०००

ज्यांना घाटमाथ्यापर्यंत जाणं जमत नाही त्यांच्यासाठी नसरापूरजवळचं बनेश्वर आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं शिवमंदिर, वसईच्या स्वारीतून आलेली पोर्तुगीज घंटा आणि भोवती वनखात्याने राखलेली झाडी. रविवारी तिथे माणसं जास्त आणि पाखरं कमी. आडवारी सकाळी तेच बन निळे माशीमार आणि नाचणांनी भरलेलं असतं. घरातली म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं यांना पहिल्यांदा दुर्बीण धरायला शिकवायची तर इथेच. रायरेश्वराच्या पठारावर चित्र निराळं, झाड कमी आणि वारा जास्त. तिथे मलबारी चंडोल, गवतातले धोबी आणि नशीब असेल तर कड्यावरून सूर मारणारा शाहीन ससाणा. भाटघरच्या फुगवट्यावर पाणी उतरू लागलं की उघड्या पडलेल्या गाळावर चिखले पक्षी येतात. वरंधा घाटातल्या वाघजाईपाशी गाडी थांबवून दरीकडे कान द्यावा. माकडांना खाऊ घालणाऱ्यांच्या गोंगाटातही खालून तांबट ऐकू येतो.

डिसेंबर संपता संपता डोंगरांवर रात्री लाल रेघा दिसायला लागतात. वणवे. काही गवत चांगलं यावं म्हणून लावलेले, काही रानडुक्कर हाकलायला, काही बिडीच्या थोटकाने, आणि अलीकडे काही ‘कॅम्पिंग’च्या शेकोट्यांतून. कारवी २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये ठिकठिकाणी फुलली. आठ वर्षांतून एकदा ती बी टाकते आणि मरते, त्यानंतरची एक-दोन वर्षं रोपं बोटभर असतात. नेमक्या त्या वर्षांत उतार पेटला तर पुढची आठ वर्षं वाया. जमिनीवर घरटं करणाऱ्या रातवा, चकोत्री, चंडोल यांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

वणव्याने जळलेला उतार पावसात पुन्हा हिरवा होतो. जेसीबीने कापलेला होत नाही. नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंत आणि भोरपासून महुड्यापर्यंत रस्त्याकडेला पाट्या लागल्या आहेत: ‘निसर्गाच्या सान्निध्यात’, ‘लेक व्ह्यू’, ‘फोर्ट व्ह्यू’. राजगड २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, त्याचा आनंद आहेच. जमिनीच्या दलालांनाही झाला असणार. गंमत अशी की विकत घेतला जातो तो निसर्ग, आणि खरेदीखत झाल्यावर पहिलं काम निघतं ते झुडपं साफ करण्याचं. करवंदी, तोरणी, घायटीच्या जाळ्या ‘कचरा’ म्हणून निघतात, तारेचं कुंपण येतं, लॉन येतं आणि ओळीने सुपारीवर्गीय शोभेची झाडं लागतात. मालकाला सकाळी पक्ष्यांचा किलबिलाट हवा असतो. किलबिलाट त्या जाळीत राहत होता.

देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जाती तपासल्या आणि १७८ जातींना तातडीने जपण्याची गरज असल्याचं ठरलं. पश्चिम घाटापुरत्या मर्यादित जातींची घसरणही त्यात नोंदली आहे. हौशी माणसाची वही किती मोलाची असते ते यातून कळतं. पण आमच्या नोंदी मोबाइलच्या ॲपवर चढतात आणि तिथून संशोधकांकडे जातात. ज्या गावाच्या ओढ्यात त्या केल्या त्या गावाच्या ग्रामपंचायतीला त्यांचा पत्ता नसतो. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घातल्यावर या वह्या देशभर घाईने भरल्या गेल्या, अशी टीका तेव्हाच झाली होती. पण वही आहे आणि तिच्यात भर घालता येते. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याच्या राईला याच कायद्याखाली जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला आहे. कागदावर आलेली राई सभामंडपासाठी तोडायची झाली तर निदान कुणाला तरी सही करावी लागते.

नोव्हेंबर उजाडेल तेव्हा करडा धोबी येऊन बरेच दिवस झालेले असतील आणि मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंतचा, ५ ते १२ नोव्हेंबरचा, पक्षी सप्ताह तोंडावर असेल. तेव्हा जरूर या, शक्यतो आडवारी. न्याहारी गावातच सांगा. नाचणीची भाकरी आणि पिठलं दोन घरांत विचारलं तर मिळतं. गाण्याचा डबा घरी ठेवा, पक्ष्याला बोलवायला त्याचाच आवाज मोबाइलवर वाजवू नका, फोटोसाठी किडे पेरू नका. थंडीत उन्हाची वाट बघत शेकोटीपाशी बसा आणि शेजारच्या माणसाला विचारा, राई कुणाची, ओढा कुणाचा, झाडं कधी तोडली. आणि परतताना पाहिलेल्या पक्ष्यांची यादी मराठीत, स्वच्छ अक्षरात, तारीख आणि ओढ्याचं नाव घालून ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवा, पोच मागून घ्या.